आतडं नाळेत कसं गेलं?

प्रश्न: माझ्या वहिनीला दहावा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, बाळाचं थोडं आतडं नाळेत दिसतंय, नॉर्मल आहे, तेराव्या आठवड्यात परत बघू. आई तेव्हापासून देव पाण्यात घालून बसलीय. आतडं पोटाबाहेर असणं नॉर्मल कसं काय?

उत्तर: आईंना सांगा, देव काढा पाण्यातून, आपण सगळेच ही फेरी मारून आलोय. होतं काय, की चौथ्या आठवड्यात चपटा गर्भ दुमडतो आणि आत एक साधी नळी तयार होते, तेच पुढे आतडं. ही नळी भराभर लांबते, आणि तेव्हाच लिव्हरने एवढंसं पोट अडवून ठेवलेलं असतं, मग जागाच नाही म्हटल्यावर मधला भाग सहाव्या आठवड्यात नाळेत शिरतो आणि दहाव्याच्या सुमारास परत येतो. (हे बाळाच्या वयाचे आठवडे हां. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे वहिनीचा दहावा तो बाळाचा आठवा. घोळ नेहमी इथंच होतो.)

नुसतं जाऊन येत नाही, फिरतं पण. रक्त पुरवणाऱ्या धमनीभोवती, घड्याळाच्या उलट, जाताना ९० अंश नि येताना १८०. मोठ्या आतड्याचं टोक सगळ्यात शेवटी आत येतं आणि लिव्हरखालून उजवीकडे खाली उतरतं, म्हणून अपेंडिक्स तिथं. फिरणं अर्धवट राहिलं तर पुढे पीळ पडू शकतो. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं ते यासाठीच.

वेटोळी कशी पडतात, तर टेलर ताणलेलं इलॅस्टिक कापडाला शिवतो नि सोडतो तेव्हा चुण्या पडतात ना, अगदी तसं. आतडं ज्या पातळ पडद्याला चिकटलेलं असतं तो हळू वाढतो, आतडं जोरात. हार्वर्डच्या लोकांनी २०११ मध्ये कोंबडीच्या गर्भात तो पडदा सोडवून पाहिला, आतडं सरळ झालं!

तेराव्या आठवड्याची तारीख मात्र चुकवू नका. तेव्हाही आतडं नाळेतच असेल तर ते नॉर्मल नाही, पुढच्या तपासण्या लागतात आणि जन्मानंतर ऑपरेशनही लागू शकतं. आणि लिव्हर आत आहे ना, हेही विचारा, ते नाळेत कुठल्याच आठवड्यात नॉर्मल नसतं.