साइटच्या ग्रुपवरचं बोलणं जपायचं का?

प्रश्न : आम्ही साताऱ्यात बंगल्यांची कामं घेतो. प्रत्येक साइटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. त्यात मालक, आर्किटेक्ट, सुपरवायझर, मिस्त्री सगळे. फोन भरतो म्हणून मुलगा जुने ग्रुप उडवायला सांगतो. मला वाटतं, कधी तरी लागतील. काय करावं?
– एक कंत्राटदार, सातारा

उत्तर : दादा, उडवू नका. बांधकामाच्या कचेरीत दप्तर सांभाळण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. शेवटच्या बिलाला वाद होतो तो एक्स्ट्रा आयटमवरून. ‘हे वाढीव काम करायला सांगितलं कोणी?’ याचं उत्तर हल्ली मोजमाप पुस्तकात सापडत नाही, ग्रुपवर सापडतं.

मात्र नुसतं चॅट एक्स्पोर्ट करून, म्हणजे ग्रुपवरचं बोलणं फाइल करून बाहेर काढून, भागत नाही. आर्किटेक्ट जिन्याच्या नकाशावर लाल पेनानं खूण करून फोटो टाकतात, खाली मालक लिहितात, ‘हो, असंच करा.’ फोटो वगळून एक्स्पोर्ट केलंत तर हातात राहतं फक्त ‘असंच करा’. कसं, ते गेलं! म्हणून फोटोंसकट घ्या. त्यात सुमारे १०,००० संदेशच येतात, फोटोंविना ४०,०००. तेव्हा प्लिंथ (जोतं), स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्याटप्प्यानं काढून मुलाला हार्ड डिस्कवर ठेवायला सांगा. ग्रुपवर ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू असेल तर आजच बंद करा. नाहीतर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत संदेश आपोआप पुसले जातात.

फोनवर ठरलेलं तर ग्रुपवर येतच नाही. फोन ठेवल्या ठेवल्या सुपरवायझरनं लिहावं : ‘आत्ता ठरलं, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला ६ इंच सरकवायची, जादा खर्च मालकांकडे. बरोबर ना?’ मालकांचा होकार आला की संध्याकाळी तेच साइट ऑर्डर बुकात, म्हणजे साइटवरच्या सूचनांच्या वहीत, उतरवून त्यांची सही घ्या. मला विचाराल तर सगळ्या एक्स्पोर्टपेक्षा ही सही मोलाची.

एक्स्पोर्ट केलेली फाइल कुणालाही बदलता येते, म्हणून कोर्टात नुसती प्रत चालत नाही. जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं, की मूळ उपकरण हजर करत नसाल तर ती प्रत कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र लागणारच. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तेव्हा हिशेब मिटेपर्यंत ज्या फोनवर ग्रुप आहे तो विकू नका. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते. तोवर तरी सगळं जपा.

आणि ग्रुपवर मजुरांची आधार कार्डं असतात, रजेसाठी कुणी बायकोचा सोनोग्राफी रिपोर्टही टाकलेला असतो. कचेरीत चार जण उघडतात त्या प्रतीत असलं काही राहता कामा नये. ते लोक विश्वासानं टाकतात, हो. नवा ग्रुप काढाल तेव्हा पहिल्याच संदेशात सांगा, की इथलं बोलणं आम्ही जपून ठेवणार आहोत. घरचे कागद ग्रुपवर न टाकता थेट सुपरवायझरकडे द्यायला सांगा.