बॅबिलॉन 5 या सायन्स फिक्शन सिरीजमधल्या जी'कारच्या ग्रहाचं नेमकं काय झालं? तो सेंटॉरी लोकांवर इतका का चिडलेला असतो?

नार्न हा त्याचा ग्रह, आणि सेंटॉरींनी त्यावर आधी एकदा कब्जा करून लोकांना गुलाम केलेलं असतं. जी'कारचे वडील एका सेंटॉरी घरात नोकर होते, मालकिणीच्या अंगावर गरम पेय सांडलं एवढ्याशा कारणावरून त्यांना झाडाला टांगून मारलं, पोरगा तिथनं पळाला आणि लढायला लागला. म्हणजे राग उगाच नाहीये. पुढे नार्न स्वतंत्र होतो पण दुसऱ्या सीझनमध्ये (1995) परत युद्ध पेटतं आणि सेंटॉरी मास ड्रायव्हर वापरतात, म्हणजे अंतराळातनं मोठमोठे दगड थेट ग्रहावर डागायचे, ज्यावर करारानेच बंदी असते. सेंटॉरींचा राजदूत लोंडो जहाजाच्या खिडकीत उभा राहून ते बघत असतो, एक शब्द बोलत नाही, लोंडो झालेल्या पीटर जुरासिकचा तो चेहरा बघाच. नार्न शरण जातो. चौथ्या सीझनमध्ये सुटका होते, तीही लोंडोशी हातमिळवणी करून आणि जी'कारचा एक डोळा जाऊन, मग लोक त्याला नेता व्हा म्हणतात तर तो सरळ नाही म्हणतो. जी'कार झालेल्या अँड्रियास कात्सुलासने हे सगळं जड मेकअपच्या आडून केलंय, मला तरी सिरीजमधलं सगळ्यात भारी काम हेच वाटतं.