टाइलच्या रेखाटनाला नाव लावण्याआधी

व्हिक्टोरियन टाइलचं रेखाटन हाती आलं की लगेच चित्रकार वॉल्टर क्रेनचं नाव लावू नका. मुलांच्या पुस्तकांतल्या त्याच्या आणि केट ग्रीनअवेच्या चित्रांच्या नकला तेव्हा सर्रास व्हायच्या. पुरावा अपुरा असेल तर निःसंकोच ‘क्रेनच्या शैलीत’ लिहा. जॉन मॉयर स्मिथ त्या मानाने सोपा. मिंटन या इंग्लिश टाइल-कंपनीसाठीच्या त्याच्या चित्रांत सही बरेचदा सापडते.

खरा कस लागतो टाइल आणि भांडी घडवणाऱ्या विल्यम डी मॉर्गनपाशी. त्याच्या भांड्यांवर चार्ल्स आणि फ्रेड पॅसेंजर यांची आद्याक्षरं दिसतात, पण ती रंगवणाऱ्यांची. संकल्पन बहुधा डी मॉर्गनचंच. त्याची मूळ रेखाटनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ती सावकाश, पुन्हापुन्हा बघा. त्याच्या रेघेचं वळण तिथेच डोळ्यांत बसतं.

टाइलमागची शंकरपाळ्याच्या आकाराची नोंदणीखूण (१८४२ ते १८८३) नक्षी कधी नोंदवली ते सांगते, चित्रकार कोण ते नाही.