वाचकांचे प्रश्न: गोव्यात पॉलीहाऊसची भाजी परवडते का?

प्रश्न: चोडण बेटावर घराला लागून आमची थोडी मोरड (उंचावरची) जमीन आहे. एका कंपनीने 1000 चौरस मीटर पॉलीहाऊसचं 14 लाखांचं कोटेशन दिलंय, अर्धी सबसिडी मिळेल आणि ढोबळी मिरची लावा असं त्यांचं म्हणणं. भाचा सिंगापूरला असतो, तो म्हणतो तिथे बेटावर हेच करतात. गोव्यात भाजी बेळगावहून येते, मग इथली ताजी भाजी चार पैसे जास्त देऊन लोक घेतीलच ना? करू का? — एक वाचक, चोडण

उत्तर: एवढं मोठं आणि ढोबळीसाठी, तर नका करू. पण पूर्ण नाही म्हणत नाहीये मी, पुढचं नीट वाचा.

आधी सबसिडीचं बघा, कारण इथेच बरेच जण फसतात. सबसिडी अर्धी असते ती सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या, कंपनीच्या कोटेशनच्या नाही. 2014 च्या केंद्राच्या फलोत्पादन योजनेत साध्या, वारा खेळत्या पॉलीहाऊसला 1008 चौरस मीटरपर्यंत चौरस मीटरला 935 रुपये धरले होते. त्या हिशोबाने 1000 चौ.मी.चे 9 लाख 35 हजार, त्याचे अर्धे 4 लाख 67 हजार. तुम्ही मनात सात लाख धरून बसलाय. 2025 मध्ये नियम सुधारलेत, तेव्हा नवा दर आणि राज्याकडून वर काही मिळतं का हे तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन विचारा, कंपनीच्या माणसाच्या तोंडून नको.

आता समजा जुनाच दर धरला तर तुमच्या खिशातून सव्वानऊ लाखांच्या वर जाणार. दहा वर्षांत फेडायचे आणि दहा टक्के व्याज म्हटलं तर पहिल्याच वर्षी मुद्दल-व्याज मिळून साधारण 1 लाख 85 हजार. वर्षाला दोन पिकं, प्रत्येकी आठ टन, म्हणजे सोळा टन माल निघाला तर किलोमागे साडेअकरा रुपये नुसत्या सांगाड्याचे झाले, अजून बियाणं नाही, खत नाही, मजुरी नाही आणि फेरीबोटीतून माल पलीकडे नेणंही नाही. एक पीक गेलं की तेच तेवीस रुपये. वर प्लास्टिक तीनेक वर्षांत बदलावं लागतं ते वेगळं, आणि वादळ आलं तर विचारूच नका, मे 2021 ला तौक्ते आलं तेव्हा काय वारा होता आठवतंय ना, त्यामुळे विमा काढल्याशिवाय हात घालूच नये.

आणि विकायचं कोणाशी स्पर्धा करून? चोर्ला घाटातून रात्री गाड्या उतरतात, सकाळी म्हापशाच्या बाजारात माल हजर, शिवाय हॉर्टिकल्चरच्या (राज्याच्या फलोत्पादन महामंडळाच्या) गाड्यावर सरकार स्वतः स्वस्तात भाजी देतं. बेळगावची हवा थंड, जमीन बरी, मजूर मिळतात. जी भाजी तिकडे उघड्यावर मस्त येते ती तुम्ही इथे प्लास्टिकखाली पिकवून महाग विकणार, गिऱ्हाईक एकदा घेईल, दुसऱ्यांदा भाव विचारूनच पुढे जाईल.

ढोबळीचं दुखणं तर रात्रीचं आहे. तिला रात्र सोळा ते वीस अंशांची लागते, आपल्याकडे पावसाळ्यात रात्रीसुद्धा चोवीस-पंचवीस असतं, मग फुलं गळतात, फळ धरत नाही. डिसेंबर-जानेवारीत जरा बरी रात्र मिळते पण नेमकं तेव्हाच बाहेरून मालाचा पूर. फॅन-पॅड लावून, म्हणजे ओल्या पॅडमधून पंख्याने हवा ओढून थंड करू म्हणाल तर किनाऱ्यावर ते चालत नाही. पॅडची सगळी करामत पाणी हवेत सुकण्यावर चालते, 30 अंश तापमान आणि 85 टक्के दमट हवा असली की कितीही चांगला पॅड लावा, दोनेक अंशच उतरणार आणि वीजबिल मात्र पूर्ण येणार.

मग आपल्या हवेत प्लास्टिकचा उपयोग कशाला? ऊब धरायला नाही तर पाऊस अडवायला. थंड देशात हरितगृह बांधतात ते थंडीसाठी, आपल्याला ती गरजच नाही. आपला अडसर म्हणजे वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पडणारा आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये ओतणारा पाऊस. म्हणून मी तुम्हाला सांगेन ते रेन शेल्टर: चार बाजूंनी मोकळं, उंच छप्पर, वर यूव्हीचं (ऊन सोसणारं) 200 मायक्रॉनचं प्लास्टिक, आणि पाऊस संपला की प्लास्टिक गुंडाळून आत ठेवायचं, म्हणजे ते जास्त वर्षं टिकतं आणि उन्हाळ्यात आत भट्टी होत नाही. सुरुवात 200-250 चौरस मीटरने करा.

आणि दिवस कसे जुळून येतात बघा, याच्यावर कोणी बोलत नाही म्हणून मला फार वाटतं ते सांगावंसं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्याला लागून श्रावण, मग चवथ (गणेश चतुर्थी). म्हणजे ज्या तीन-चार महिन्यांत घरोघरी भाजी जास्त लागते त्याच महिन्यांत तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, कोथिंबीर उघड्यावर पावसाच्या माऱ्याने आडवी पडते, चिखल उडून पानं कुजतात. छपराखाली तांबडी भाजी महिनाभरात काढणीला येते, त्यामुळे जूनपासून चवथीपर्यंत तीन वेळा सहज, जमलं तर चार. बेळगावहून गाडीत आलेली पालेभाजी येईपर्यंत मलूल होते, तुमची सकाळची जुडी सकाळीच पणजीत. हा एकच माल आहे ज्यात तुमचं बेटावर असणं आड येत नाही, रायबंदरची फेरीबोट गाठली की झालं.

भेंडी, तवशी (काकडी), दोडकी, पडवळ मात्र शेल्टरमध्ये अजिबात घालू नका. सत्तरी तालुक्याच्या डोंगर-उतारावर ती पावसाळ्यात काही न बांधता येतात, त्यांच्याशी भावात कसे पुरणार?

सिंगापूरचं म्हणाल तर भाच्याने अर्धीच गोष्ट सांगितली. 2019 साली त्यांनी 2030 पर्यंत 30 टक्के अन्न स्वतः पिकवायचं ठरवलं होतं, 2025 मध्ये ते उद्दिष्ट बाजूला ठेवलं. मधल्या काळात कित्येक बंदिस्त, दिव्यांखालचे मळे बंद पडले, वीज आणि मजुरी पेलवेना आणि समोर मलेशियातून पुलावरून येणारी स्वस्त भाजी. तिकडे पैशाला तोटा नाही तरी ही गत, मग आपण कर्ज काढून का जायचं त्याच वाटेने.

प्रश्न: शेल्टरमध्ये टोमॅटो-वांगी लावली तर? आमच्याकडे झाडं हिरवीगार असताना अचानक मान टाकतात. — एक वाचक, पेडणे

उत्तर: तो बॅक्टेरियाचा मर रोग, आपल्या आंबट जांभ्या जमिनीत तो फार. छपराने तो थांबत नाही, उलट त्याच मातीत वर्षानुवर्षं वांगी-टोमॅटो-मिरची घेतली की वाढतो. खात्री करायची तर मान टाकलेलं झाड कापून खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा, दुधासारखा धागा खाली उतरला तर तोच. औषध मारून उपयोग नाही. टोमॅटोची कलमं रानवांग्याच्या खुंटावर करून घेता येतात, तशी रोपं मिळाली तर घ्या, नाहीतर नारळाच्या भुश्याच्या ग्रो बॅगमध्ये लावा. जुने गोवे इथल्या आयसीएआरच्या किनारी कृषी संशोधन संस्थेत मर सहन करणाऱ्या वांग्यांवर काम झालंय, तिथल्याच कृषी विज्ञान केंद्रात बियाणं मिळेल का विचारून ठेवा. आणि ताळगाव-आगशीची वांगी तुमच्या मातीत तशीच होतील असं धरून चालू नका, थोडी लावून बघा.

चोडणच्या वाचकांना एक राहिलंच, ड्रिपवर पैसे घालण्याआधी विहिरीचं पाणी एप्रिल-मे मध्ये तपासून घ्या, आत्ताचं नको. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेताच्या) कडेच्या विहिरी उन्हाळ्यात खारट होतात आणि ग्रो बॅगमध्ये मीठ साठत जातं. पाणी खारट निघालं तर पावसाळ्यातच पीक घ्यायचं आणि छपराचं पाणी टाकीत धरायचं, पाऊस थांबतो त्या आठ-दहा दिवसांना ते पुरतं.