पंगतीतनं हात न टेकता उठायचंय

मागच्या अंकात पन्नाशीनंतरच्या वजनाबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडी सगळीकडनं पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून चार घेतलीयत. पहिल्यांदाच वाचत असाल तर सांगते, मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, मी डॉक्टर नाही, त्यामुळं गोळ्या-औषधांचा विषय आला की मी तुम्हाला तुमच्या डॉक्टरांकडंच पाठवणार.

ताई, मी टिळकवाडीत राहते, वय ५६. मुलगा बेंगळूरला, मुलगी पुण्याला, घरात आम्ही दोघंच. जानेवारीत इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला सुरू केलं, भात बंद केला, गोड बंद केलं, चार महिन्यांत ७४ वरनं ६८ किलोवर आले. मे महिन्यात भाचीचं लग्न, पाहुणे, मुलं सुट्टीला आली आणि सगळं मोडलं ते मोडलंच. आता परत ७३. काट्यावर उभं राहायची भीती वाटते. सकाळी गजर वाजतो, बंद करून झोपते. इच्छाच होत नाही आता. ती परत कशी आणायची?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण यातली गजर बंद करायची गोष्ट मला चांगली ठाऊक आहे. मी ५२ वर्षांची असताना नात्यातल्या एका वास्तुशांतीला खाली पंगत होती, जेवण झालं आणि मला उठताच येईना, दोघींनी दोन्ही हात धरून उठवलं. जन्मभर पोरांना उठाबशा काढायला लावल्या आणि स्वतःला जमिनीवरनं उठता येत नाही, त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर दोन वर्षांत ९ किलो कमी झाले. मध्ये आईच्या आजारपणात ३ किलो परत आले, ते परत उतरवायला आठ महिने लागले. म्हणजे तुमचं जे झालंय ते जवळपास सगळ्यांचंच होतं.

आणि ते का होतं हे कळलं की स्वतःला दोष देणं बंद होतं बघा. तिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाचे साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर त्याचा वेग अजून वाढतो. बायकांची पाळी गेली की चरबी कंबर-मांडीवरनं पोटाकडं सरकते. त्यात वजन उतरलं की शरीर पहिल्यापेक्षा कमी खर्चात चालायला लागतं आणि भूक वाढवतं. म्हणजे तुम्ही मे महिन्यात लग्नात जेवत होता तेव्हा शरीरसुद्धा गेलेलं परत मिळवायच्याच मागं होतं. याला आळशीपणा म्हणू नका. थायरॉइड तपासली नसेल तर एकदा तपासून घ्या, या वयात बऱ्याच बायकांत ते निघतं.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगते, नुसतं चालणं आणि भात बंद यानं जे ६ किलो गेले त्यात थोडे स्नायूही गेले असणार, आणि परत आलं त्यात बहुतेक चरबीच. म्हणून या खेपेला तशाच पद्धतीनं सुरू करू नका. बेळगावात राहून भात कायमचा बंद, हे मला तरी पटत नाही, आपल्या घरात बासमतीचा वास येतो आणि आपण ताट फिरवून बसायचं, किती दिवस चालणार? भात निम्मा करा, पण ताटात आधी उसळ, आमटी, भाजी, अंडं चालत असेल तर अंडं वाढून घ्या, भात शेवटी. पन्नाशीनंतर वजनाच्या दर किलोमागं साधारण एक ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत असं मी धरते, म्हणजे तुम्हाला सत्तरच्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यांत ७ च्या आसपास, मग हिशोब करा, आपल्या नेहमीच्या पोळी-भाजी-भातात ते भरत नाही. (किडनीचा त्रास असेल त्यांनी हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.) आणि तेल मोजा ओ. एका मोठ्या चमच्यात जवळजवळ १२० कॅलरी असतात, तासभर चालून तुमच्या वजनाच्या बाईच्या अडीचशेच्या आसपास जळतात, म्हणजे फोडणीत दोन चमचे जास्त पडले की सकाळचं सगळं चालणं त्यात गेलं.

इच्छेचं विचारलंय तुम्ही. ताई, इच्छा आधी येत नाही. चप्पल काढून बूट घातले, गेटच्या बाहेर पडलं, डेपोच्या झाडांखाली पहिला राऊंड झाला की मग ती येते, आणि काही दिवस येतच नाही, तरी राऊंड पूर्ण होतो. मी माझ्या इच्छेवर कधीच विश्वास ठेवला नाही, मी विश्वास ठेवला शेजारच्या वहिनींवर, त्या सव्वासहाला खाली उभ्या असायच्या आणि त्यांना ताटकळत ठेवणं मला जमायचं नाही. तुम्हीही एक माणूस शोधा जो तुमची वाट बघेल. यजमान येत असतील तर उत्तमच, पण नवरा-बायकोत "आज राहू दे" हे फार लवकर ठरतं, म्हणून बाहेरचं माणूस बरं. २०१० मध्ये लंडनमध्ये सवयींचा एक अभ्यास झाला होता, त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ सुद्धा. लोक एकवीस दिवस एकवीस दिवस म्हणतात आणि बाविसाव्या दिवशी जड वाटलं की सोडून देतात. आणि त्याच अभ्यासात मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडला नव्हता. म्हणून खाडा झाला तर झाला, दुसऱ्या दिवशी जायचं.

काट्याचं म्हणाल तर तो आठवड्यातनं एकदाच काढा, त्याच वारी, सकाळी संडासला जाऊन आल्यावर. रोज बघितलं तर नुसत्या पाण्यानं आणि मिठानं किलो-दीड किलो इकडंतिकडं होतं आणि जीव खालीवर होतो. त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत, हा आपल्या भारतीय माणसांसाठी धरलेला आकडा आहे. आणि आत्ता ६८ मनात धरू नका, आधी ५ टक्के धरा, म्हणजे तुमचे साडेतीन किलो. तेवढ्यानंसुद्धा साखर, बीपी यात फरक दिसतो. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये छापून आला, वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच ध्येय दिलं होतं, त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. म्हाताऱ्यांना फायदा जास्त झाला! हे मी सगळ्यांना सांगत सुटते, कारण "आता या वयात काय होणार" हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

अजून एक. लग्नसराई, गणपती, दिवाळी हे महिने वजन उतरवायचे नाहीतच, ते टिकवायचे महिने असं आधीच ठरवून टाका. कुंदा खा की, एक चमचा, बसून, चव घेऊन. तेवढे दिवस फक्त चालणं आणि आठवड्यातनं दोनदा स्नायूंचा व्यायाम (तो खालच्या पत्रांच्या उत्तरांत सांगितलाय) सोडायचा नाही. मे महिन्यात तुमचं जेवण बिघडलं तेवढ्यानं काही मोडलं नव्हतं, चालणं पण थांबलं तिथं मोडलं.

अक्का, मी निपाणीची, वय ५३, विड्या वळते. सकाळपासनं सूप मांडीवर घेऊन बसलेली असते. दोन्ही गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, चाला. गुडघा दुखतोय तर चालू कशी, आणि जिमला द्यायला पैसे कुठनं आणू?

बाई, जिमची गरजच नाही, एक पक्की खुर्ची बास. भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही, तिच्यावर बसायचं आणि हात न लावता उठायचं, पाच वेळा. सुरुवातीला हात लावावा लागला तरी चालेल. पंधरा दिवसांनी दहा वेळा. मग खुर्चीवर बसूनच एक पाय सरळ समोर ताठ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली. गुडघ्याला खरा आधार मांडीच्या स्नायूंचा असतो, तो घट्ट झाला की चालणं आपोआप सोपं होतं. व्यायामानंतर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर जास्त झालं समजा, दुसऱ्या दिवशी कमी करा. गुडघा सुजून गरम लागत असेल तर मात्र व्यायाम थांबवून दवाखान्यात दाखवा.

आणि सलग बसू नका. शंभर-दोनशे विड्या झाल्या की सूप बाजूला ठेवायचं, उठायचं, दाराची चौकट धरून टाचा वीस वेळा वर उचलायच्या, तांब्याभर पाणी प्यायचं आणि परत बसायचं. मजुरी विड्यांवर मिळते, उठलं की पैसे जातात, हे मला माहीत आहे, पण दोन मिनिटांचा प्रश्न आहे आणि हे गुडघे तुम्हाला अजून वीस-पंचवीस वर्षं वापरायचेत. गुडघ्याच्या संधिवाताच्या लोकांवरच्या एका अभ्यासात दिसलं होतं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो. तीन किलो उतरले तर पावलागणिक बारा! खाण्यात आत्ता एकच बदल करा, चहा. पाच कप, कपाला दोन चमचे म्हटलं तरी दिवसाला पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी. पहिल्या आठवड्यात दीड चमचा, मग एक. त्या जागी भिजवलेले हरभरे नाहीतर शेंगदाणे मूठभर खा, महाग पडत नाहीत.

नमस्कार, चिक्कोडी तालुक्यातून लिहितोय, वय ६१, वजन ८८. सहा वर्षं शुगरच्या गोळ्या चालू. ओळखीच्या एकानं दिवसाला एकदाच जेवून १२ किलो उतरवले. मीही सोमवारपासून करू का? आणि ते वजनाचं इंजेक्शन निघालंय म्हणतात, ते कसं?

अण्णा, सोमवारपासून करू नका. त्या माणसाला गोळ्या चालू होत्या का ते आधी विचारा. शुगरच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढत राहतात, इन्सुलिनचंही तेच. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि उसाच्या शिवारात एकटे असताना हे झालं तर बघायला कोण आहे? खिशात साखरेची पुडी कायम ठेवा, असं कधी झालंच तर तीन चमचे साखर लगेच खा, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा. जेवण कमी करायचं असेल तर आधी डॉक्टरांना गोळीचा डोस विचारा, वजन उतरलं की कधी कधी डोस कमी पण करावा लागतो, आणि ती चांगलीच बातमी असते.

तुमच्यासाठी रात्रीचं जेवण साडेसातच्या आत आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या, इथनं सुरू करा. हायवेवर चालायला जाऊ नका, पहाटेच्या अंधारात तर मुळीच नाही. जत्रेतलं मटण खाल्लं तर फोडी खा, तर्री आणि भात कमी.

इंजेक्शननं वजन उतरतं, ते खोटं नाही. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध आहे, मळमळ-उलटीचा त्रास होतो, आणि सेमाग्लुटाइड, म्हणजे अशा इंजेक्शनातलंच एक औषध, बंद केलेल्या लोकांवर अभ्यास झाला त्यात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं होतं. शिवाय भूकच मेली की प्रथिनंही कमी जातात आणि स्नायू आटतात. म्हणून घेतलंत तरी खुर्चीचा तो व्यायाम करावाच लागणार.

खानापूरकडं जून ते सप्टेंबर घराबाहेर पाय ठेवता येत नाही, दरवर्षी पावसाळ्यात माझं चालणं बंद पडतं आणि दिवाळीपर्यंत चार किलो वाढतात. वय ५८. यावर काही उपाय आहे का?

आहे की. पावसाळ्याचा व्यायाम वेगळाच ठरवायचा, चालण्याची बदली म्हणून नाही, स्नायूंचे चार महिने म्हणून. लिटरच्या दोन बाटल्या पाण्यानं भरल्या की एक-एक किलोची दोन वजनं झाली. दोन्ही हातांत घेऊन खांद्यापासनं वर, दहा वेळा. भिंतीवर तळवे टेकवून दंड, दहा. खुर्चीवरनं उठ-बस, दहा. मग पडवीत पाच मिनिटं भराभर चालायचं आणि परत पहिल्यापासनं, असे तीन फेरे. अर्धा तास सहज जातो. सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरवून टाका, नाहीतर "संध्याकाळी करू" म्हणत लाइट जाते आणि राहून जातं. पावसात भजी होणारच, महिन्यातनं दोनदा करा, मनापासनं खा. श्रावणातल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी रोज नको, ताक, शेंगदाणे, राजगिरा, फळं घ्या.

आणि सुरू करायच्या दिवशी एक करा, अर्ध्या मिनिटात खुर्चीवरनं हात न लावता किती वेळा उठता येतं ते मोजा, कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला परत मोजा. दिवाळीच्या अंकाआधी मला पत्र टाका, किलो नाही लिहिलंत तरी चालेल, तो आकडा तेवढा कळवा.