मागच्या बाजूला तारीख लिही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुमच्या गावच्या हार्डकोर बँडबद्दलचं तुझं पत्र वाचलं आणि सोबत पाठवलेली गाणीही ऐकली. तू विचारलंस, "काकाजी, चार पोट्टे, एक जिनिंगचं गोदाम आन् वर्षातून दोन-तीन कार्यक्रम, याले सीन म्हणता येते का?" येते. सीन म्हणजे एका गावातले गाणारे, ऐकणारे आणि हात लावणारे, सगळे मिळून. आणि त्याचा इतिहास लिहायचा असेल तर तो संपायची वाट पाहू नकोस, आत्ताच लिहायला बस. हे इतकं ठासून का सांगतो, ते पुढं येईलच.

हार्डकोर, म्हणजे पंक रॉकचाच जास्त वेगवान, कडक प्रकार, माझ्यापर्यंत आलं ते नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलात. त्या कॉलेजात देशभरातून पोरं यायची. शिलाँगच्या एकाकडं एक कॅसेट होती, कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. गाण्यापेक्षा खरखर मोठी. गाणं सुरू झालं म्हणेस्तोवर संपायचं. कव्हरवर बॉलपेनानं एकाच बँडचं नाव होतं, बाकीची गाणी कुणाची ते ना त्याला माहीत, ना मला. कितीतरी वर्षं ती गाणी मला तोंडपाठ होती, पण ती गाणारी माणसं कोण, कुठल्या गावची, किती वर्षांची, काहीच ठाऊक नव्हतं. पुढं एकेकाचा माग लागत गेला तेव्हा कळलं की यातले बरेचसे एकाच शहरातले, एकमेकांचे शाळासोबती होते. त्या दिवसापासून मी गाणं ऐकताना आधी गाव विचारतो. तूही तसंच कर. एकेका बँडच्या मागं धावू नकोस, एक शहर धर आणि त्याच्या खोलात जा.

पहिलं शहर वॉशिंग्टन डीसी धर. १९८० साली तिथं टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा बँड होता. वर्षभरात तो मोडला. कार्यक्रमांचे जमलेले पैसे त्यांनी एका सिगारच्या डब्यात ठेवले होते. ते वाटून न घेता पोरांनी त्यातून स्वतःची रेकॉर्ड काढली. सात इंची तबकडी, आठ गाणी, हजार प्रती. बँड तर संपलेला, मग रेकॉर्ड कशाला? आपण होतो, एवढं राहावं म्हणून. ती काढण्यासाठी इयान मकाय आणि जेफ नेल्सन यांनी सुरू केलेली डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड काढणारी कंपनी आजही चालू आहे.

त्या रेकॉर्डच्या कव्हराची गोष्ट मला सगळ्यात आवडते. कव्हर कसं बनतं हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी दुसऱ्या एका रेकॉर्डचं कव्हर घेतलं, त्याचे जोड उकलून ते सपाट केलं आणि त्याची बाह्यरेषा कागदावर उतरवून घेतली. त्या मापानं छापून आणलं, मग कात्रीनं कापायचं, घडी घालायची, कडेला गोंद लावायचा, वाळत ठेवायचं, हजार वेळा. हात लावायला दोस्त-मैत्रिणी बसायच्या. आता सांग, यातला सीन कोण? गाणारा, की गोंद लावणारी? माझ्या लेखी दोघंही, आणि गोंद लावणारीचं नाव आधी लिहावं, कारण तेच आधी विसरलं जातं.

त्याच पोरांतून पुढं मायनर थ्रेट उभा राहिला, १९८० ते १९८३. त्यांच्या ४६ सेकंदांच्या एका गाण्यातून 'स्ट्रेट एज' हे नाव निघालं, म्हणजे दारू नाही, नशा नाही. हातावरच्या फुलीचं तू विचारलंस. टीन आयडल्स कॅलिफोर्नियाला गेले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात वयात न आलेल्या पोरांच्या हातावर काळी फुली मारायचे, बारवाल्यानं त्यांना दारू देऊ नये म्हणून. गावी परतल्यावर त्यांनी आपल्याकडच्या क्लबवाल्यांना हीच तोड सुचवली: फुली मारा, पण गाणं ऐकायला आत येऊ द्या. पुढं पोरांनी ती खूण अभिमानानं स्वतःच हातावर काढली. आपला वर्धा जिल्हा कागदावर दारूबंदीचा, आणि रात्री नाल्याच्या काठानं काय चालतं ते तुला मी सांगायला नको. तुमच्या गोदामात तो कोपऱ्यातला पोरगा मार्करनं हातावर फुली काढून उभा असतो असं तू लिहिलंस. त्याला विचार, ती कुणासाठी काढली. फॅशन म्हणून काढली असेल तर तसं लिही. घरी बाप पितो म्हणून काढली असेल तर त्याला विचारूनच लिही. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर व्यसनाविरुद्ध भजनं गात गावंच्या गावं जागी केली, तो आवाज तुझ्या आजीच्या कानात अजून असेल. आजीला हे गाणं समजावायचं तर तिथून सुरुवात कर, तिला कळेल.

पण वॉशिंग्टनची गोष्ट मकायपासून सुरू करशील तर ती अर्धीच राहील. त्याच्या आधी बॅड ब्रेन्स. चार काळी पोरं, जॅझ फ्यूजन वाजवणारी, हातात पक्की तयारी असलेली. तीच पोरं पंककडं वळली आणि इतक्या वेगानं वाजवू लागली की त्यांना पाहूनच गोऱ्या पोरांना आपण काय करायचं ते कळलं. त्यांचा पहिला अल्बम १९८२ साली निघाला तो फक्त कॅसेटवर. ज्यांच्याकडं स्वतःची रेकॉर्ड कंपनी असते, खोली असते, कागद असतात, त्यांची आठवण आपोआप उरते. ज्यांनी वाट पाडली त्यांची उरेलच असं नाही. तुमच्या ड्रमवाल्याचंच घे. तो आधी धुमालपार्टीत, म्हणजे मिरवणुकीत वाजवणाऱ्या तालवाद्यांच्या पथकात वाजवायचा, लग्नाच्या वरातीत, दर्ग्याच्या संदलमध्ये, चालता चालता. त्याच्या मनगटातला तो वेग अमेरिकेहून आलेला नाही. त्याला धुमाल कुणी शिकवली, कोणत्या वस्तीत, पहिली काडी कुणी हातात दिली, हे विचार. तुमच्या सीनचा पहिला पाठ तिथं असेल.

आता नको असलेलं. १९८३-८४ पर्यंत वॉशिंग्टनच्या कार्यक्रमांत मारामाऱ्या इतक्या वाढल्या की ज्यांनी हे उभं केलं तेच बाजूला झाले. मुली मागच्या भिंतीला ढकलल्या गेल्या. मग १९८५ साली, ज्याला ते 'रिव्होल्यूशन समर' म्हणतात, त्या उन्हाळ्यात नवे बँड निघाले, गाणं बदललं. सुरुवात कशी झाली तर तिथल्या एका सरकारी वस्ती-कार्यालयात काम करणाऱ्या एका मुलीनं अक्षरं कापून चिकटवलेल्या निनावी चिठ्ठ्या ओळखीच्यांना पाठवल्या. त्याच उन्हाळ्यात ही पोरं दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर ढोल, डबे, जे मिळेल ते बडवत वर्णभेदाचा निषेध करत उभी राहिली. हे सगळं आज माहीत आहे ते तेव्हाच्या लोकांनी भांडणंही सांगितली म्हणून. तू लिहिताना फक्त 'मजा आली' लिहिशील तर मला ते वाचायचं नाही. दुसऱ्या कार्यक्रमात कुणाचं नाक फुटलं, त्यावरून कोण बोलेनासं झालं, तुझ्या दोन मैत्रिणी पुन्हा का आल्या नाहीत, हे लिही. गोदाम आधी एकानं कबूल केलं आणि पोरं कोणत्या मोहल्ल्यातली आहेत हे कळल्यावर किल्ली 'हरवली', हेही लिही. ते पत्रात तू एका ओळीत सांगून पुढं गेलीस. तिथं थांब.

एक गोष्ट तुला म्हणूनच सांगतो. वॉशिंग्टनच्या त्या पहिल्या वर्षांची आठवण पुस्तकात पहिल्यांदा बांधली ती तीन बायकांनी, १९८८ साली. फोटो, पत्रकं आणि लोकांच्या तोंडचे किस्से. सीन अजून ताजा होता, माणसं तिशीही न ओलांडलेली. हे 'काम' आहे असं तेव्हा कितीकांना वाटलं असेल? तू बँडमध्ये वाजवत नाहीस, फक्त फोटो काढतेस आणि पत्रकं जपून ठेवतेस, याची तुला थोडी लाज वाटते असं पत्रातून जाणवलं. ती काढून टाक. गाणारी पोरं उद्या पुण्याला नोकरीला जातील. तुझी पेटी राहील.

फुगाझी हा त्याच शहराचा पुढचा बँड. १९८७ ते २००३ मध्ये त्यांनी हजाराहून जास्त कार्यक्रम केले आणि त्यातले आठशेवर रेकॉर्ड झाले. कुणी केले? मिक्सरवर बसलेल्या साउंडवाल्यांनी. माझ्यासारख्या आयुष्यभर मंडपात मिक्सरमागं बसलेल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटलं असेल ते तूच समज. त्या टेपा २०११ पासून एकेक करून लोकांसाठी खुल्या झाल्या. आणि २०१४ साली वॉशिंग्टनच्या सार्वजनिक वाचनालयानं पंकचा संग्रहच सुरू केला, पत्रकं, हातानं काढलेली मासिकं, टेपा, सगळं. ज्या शहरात क्लबवाले आत घेत नव्हते त्या शहराच्या वाचनालयात आता ती पत्रकं कपाटात आहेत. ती तिथं पोचली, कारण कुणीतरी तीस वर्षं ती पलंगाखाली ठेवली होती.

आपल्याकडं हे काही नवीन नाही, हेही ध्यानात ठेव. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर गेली असशील. पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटांची दुकानं लागायची, ताडपत्री अंथरून, एकावर एक रचलेल्या कॅसेटा, कव्हरवर गायकाचा पासपोर्ट फोटो आणि खाली गावाचं नाव. मोठ्या कंपन्यांची वाट न पाहता लोकांनी स्वतः पैसे घालून काढलेल्या. वडशाकडच्या झाडीपट्टीच्या मंडळ्यांचंही तसंच, नाटक त्यांचं, पडदे त्यांचे, प्रेक्षक त्यांचे. तुमच्या गावात भीमजयंतीला रात्रभर गाणारं एक मंडळ होतं, त्यातले एक-दोन म्हातारे अजून असतील. हार्डकोरची वही उघडण्याआधी त्यांच्याकडं जा. त्यांना स्पीकर कुणी दिला, मंडप कुणी अडवला, कॅसेट कुठं भरली, हे विचारशील तेव्हा तुझ्या बँडला कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप कळेल.

आता कामाचं. पत्रकाच्या आणि फोटोच्या मागं शिसपेन्सिलनं तारीख, गाव, जागा आणि दिसणाऱ्यांची नावं लिही. बॉलपेन नको, ती पुढच्या बाजूला उमटते. कार्यक्रमाच्या रात्रीच वहीत लिही: जनरेटर कुणाचा, डिझेलचे पैसे कुणी दिले, किती जण जाम गावाच्या चौरस्त्यावरून पायी आले, शेवटची एसटी कुणाची चुकली, चौकीदार काय म्हणाला. तुझ्या पत्रात चौकीदाराचं वाक्य आहे, "काय बोंबलून राहिले बे, पण बोंबला, पाऊस ऐकू येत नाही तेवढा." हे एक वाक्य तुमच्या बँडच्या दहा फोटोंपेक्षा मोलाचं आहे. टिनाच्या छताखाली आषाढातल्या पावसात गिटार कशी ऐकू येत असेल ते त्यात आलं. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवरून घेऊ नकोस, तिथं आवाज दाबला जातो. ज्यानं केलं त्याच्या फोनमधून केबल लावून मूळ फाइल काढ आणि दोन वेगळ्या घरी ठेव. ज्याला नाव नको असेल त्याचं नाव देऊ नकोस, पण तुझ्या वहीत असू दे.

म्हाताऱ्यांच्या कॅसेटा मिळतील तेव्हा एक ऐक. कुणाच्याही जुन्या टेपमध्ये घालून लगेच वाजवू नकोस. आधी उजेडात धरून खिडकीतून रिळाची कड बघ. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. तशी कॅसेट वाजवली तर हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीत जाते. तोंडाशी मधोमध धातूच्या लवचीक पट्टीवर फेल्टचा बारीक तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज गुदमरतो. पट्टी बदलता येते. वरच्या कडेच्या दोन टोकांच्या प्लास्टिकच्या बारीक जिभा आधी मोडून टाक, म्हणजे चुकून कुणी त्यावर रेकॉर्ड करणार नाही. फाइल बनवताना हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू केसभर फिरवून बघायचा, झांजेचा आवाज मोकळा होईल तिथं सोडायचा. प्रत्येक कॅसेटीसाठी हे वेगळं करावं लागतं, कारण प्रत्येक जण आपापल्या मशीनवर भरायचा. एमपीथ्री मागाहून बनव, आधी आवाज न दाबलेली वेव्ह फाइल. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही.

माझा कॅसेट डेक मी साफ करून ठेवला आहे, पट्टे नवीन घातले आहेत. बुरशीच्या कॅसेटा वेगळ्या पिशवीत आण आणि बसमध्ये खिडकीजवळ उन्हात ठेवू नकोस, मांडीवर घे. रविवारी ये. येताना त्या ड्रमवाल्यालाही घेऊन ये, त्याच्या धुमालच्या उस्तादाबद्दल मला स्वतःलाच विचारायचं आहे. जेवण इथंच करा, काकूनं झुणका-भाकरीचं म्हटलं आहे.

तुझा,
काकाजी