अकिताला निघण्यापूर्वी

प्रिय मुली,

टोकियो मागितलंस आणि उत्तर जपानातलं अकिता मिळालं, म्हणून हिरमुसू नकोस. जपानी शाळांत परदेशी सहायक शिक्षक नेमणाऱ्या जेट योजनेतले बहुतेक जण लहान शहरांत आणि खेड्यांतच जातात. अकितात वृद्धांचं प्रमाण साऱ्या जपानात सर्वाधिक आहे, त्यामुळे तुझ्या शाळेचा पट छोटा असेल.

तू सहायक शिक्षिका आहेस, हे पक्कं ध्यानात ठेव. वर्ग जपानी शिक्षकांचा. पाचवी-सहावीला इंग्रजी २०२० पासून रीतसर विषय झाला, पण अनेक शाळांत तो वर्गशिक्षकच शिकवतात, आणि त्यातल्या कित्येकांना इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो. तिथे तास तुझ्यावर सोपवतील. माध्यमिकला मात्र प्रवेशपरीक्षेचा धाक. एखाद्या दिवशी उतारा मोठ्यानं वाचून दाखवलास की काम संपलं. राग मानू नकोस. वर्गात मिठाची गुळणी धरून बसणारी पोरं जेवताना आणि नंतरच्या साफसफाईत बोलतात. तू पण झाडू घे.

शाळेचं जेवण सगळ्यांना एकच. तू शाकाहारी, साध्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. ‘मांस खात नाही’ एवढ्यानं भागत नाही, मासेही वेगळे सांगावे लागतात. शिक्षण मंडळाला आधीच कळव आणि डब्याची परवानगी घे.

घरं थंड असतात. रॉकेलच्या हीटरवर एकच खोली ऊबदार राहते, आणि कडाक्याच्या रात्री नळातलं पाणी काढून टाकलं नाही तर पाइप गोठतात. करार एकेका वर्षाचा, फार तर पाच वर्षं. पुढचं वर्ष राहणार का, हे नेमकं ऐन हिवाळ्यात विचारतात (ही वेळ कुणी ठरवली, देव जाणे!). तेव्हा ऑक्टोबरातच मनाशी ठरवून ठेव.

रिकाम्या तासांना टेबलाशी बसून जपानीचा अभ्यास कर, डिसेंबरची जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, दे. सहायकाच्या हुद्द्याला बढती जवळजवळ नसतेच. पुढची नोकरी मिळवून देईल ती भाषा.

आणि गाडीशिवाय तिथे भाजीसुद्धा आणता येणार नाही. आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालवतात. आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या आरटीओतून काढूनच नीघ. तो वर्षभर चालतो. जपानी परवान्याच्या खटपटीला मात्र वसंतातच लाग.

तुझी,
ताई